कुत्रा शेवटी बघा

पितळी कर्णा, चकचकीत पेटी आणि पेटीवर एचएमव्हीच्या (हिज मास्टर्स व्हॉइस) कुत्र्याचा बिल्ला. कोल्हापुरात जुन्या वस्तूंच्या दुकानात, मंगल कार्यालयाच्या दारात, हॉटेलच्या गल्ल्याशेजारी असा फोनो हमखास दिसतो आणि बघणाऱ्याचं बोट आधी कुत्र्याकडं जातं. ‘एचएमव्ही आहे म्हणजे ओरिजिनलच.’ खरं तर त्या अख्ख्या यंत्रात सगळ्यात स्वस्तात बदलता येणारी वस्तू तीच. बिल्ला कशावरही ठोकता येतो. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी स्क्रू, मग कर्ण्याचं कोपर, मग हात, साउंडबॉक्स (सुई आणि पडद्याची डबी), पेटीच्या आतली चावीची मोटर. कुत्रा शेवटी.

नावाचा घोळ आधी निस्तरू. एडिसनचा १८७७ चा फोनोग्राफ नळकांड्यावर वाजतो, तर बर्लिनरनं १८८७ मध्ये पेटंट घेतलेला ग्रामोफोन सपाट तबकडीवर. आपल्याकडं दोन्हीला फोनोच म्हणतात. त्यामुळं ‘घरात जुना फोनो आहे’ असा निरोप आला तर आधी एकच विचारायचं, थाळी आहे की दांडा? दांडा असेल तर तो नळकांड्याचा, आणि तो सहसा इथल्या वाड्यांत सापडत नाही. त्याबद्दल पुढं थोडं लिहिलंय. बाकी सगळं थाळीवाल्याबद्दल.

नकली म्हणजे काय, तर बहुतेक वेळा जोडकाम. जुन्या, सुटकेससारख्या पेटीच्या फोनोची खरी मोटर काढायची, नवी पेटी करायची, पत्र्याचा पितळी कर्णा ठोकायचा आणि वर बिल्ला. मोटर जुनी असल्यामुळं चावी बसते, थाळी फिरते, आवाजही येतो. ‘वाजतो की!’ हा त्यामुळं अस्सलपणाचा पुरावा होत नाही.

स्क्रूपासून सुरुवात अशासाठी की ते कुणी लपवत नाही. बाहेरच्या कर्ण्याची यंत्रं मुख्यतः १९०० ते १९२५ च्या दरम्यानची. चार पाकळ्यांच्या खाचेचा, म्हणजे फिलिप्स डोक्याचा स्क्रू बाजारात आला तो १९३० च्या दशकात. ‘१९१० चा आहे’ असं सांगितलेल्या यंत्राच्या कर्ण्याच्या बुडाशी असा स्क्रू दिसला की पुढचं बोलणं वस्तूवर नको, किमतीवरच करावं. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो. सगळेच तसे असतील तर मात्र बदललेलं काहीच नाही, सगळंच नवं आहे. सरळ खाच असली तरी नखानं चाचपून बघा. जुन्या स्क्रूची खाच अरुंद, कडा झिजलेल्या, आणि डोक्याभोवतीचं लाकूड काळवंडलेलं असतं.

मग कर्णा. अस्सल फुलाच्या आकाराचा कर्णा बहुतेक वेळा पोलादी पत्र्याचा, रंगवलेला असतो. पाकळ्या एकमेकींत दुमडून सांधलेल्या असतात आणि तोंडाची कड वळवलेली असते, हाताला कापत नाही. काही यंत्रांना ओक किंवा महोगनीचे लाकडी कर्णेही होते. पितळी कर्णे खरे असतातच, पण त्यांचं पितळ जाड, रंग मुरलेला. नकली कर्णा लिंबासारखा पिवळा, कडेला धारदार, आणि दोन बोटांनी दाबला की पिचतो.

कर्ण्याखालचं कोपर हे माझ्या मते सगळ्यात बोलकं ठिकाण. खऱ्या यंत्रात कर्ण्याचं सगळं वजन पेटीच्या मागच्या बाजूच्या बिडाच्या ब्रॅकेटवर येतं. ब्रॅकेट पेटीला आतून बोल्टनं धरलेलं असतं आणि त्यातून जाणारा हात साउंडबॉक्सकडून कर्ण्याकडं हळूहळू रुंद होत जातो. हा निमुळता हात म्हणजे आवाजाच्या वाटेचाच भाग. कर्णा तिथूनच सुरू होतो म्हणा ना. नकलीत नळाच्या पायपासारखा सगळीकडं सारख्या जाडीचा हात असतो आणि मागं पितळेचं जाडजूड, बेढब कोपर. कर्णा हातानं हलवून बघा. डुगडुगला, आणि त्याबरोबर सगळी मागची फळी हलली, तर तिथं बीड नाही.

पेटीत दोन गोष्टी पुरतात. चावीच्या भोकाला निकेलची किंवा पितळेची कडी आहे का? जोडकामात ड्रिलनं पाडलेलं नुसतं भोक असतं. आणि पेटी उलटी करून बुडाची फळी बघा. अष्टकोनी पेट्या आणि बुडाला हार्डबोर्ड, ही जोडी दिसली की हात जोडावेत. दिवाणखान्यात शोभेला ठेवायला काही हरकत नाही, पण त्यावर आजोबांच्या तबकड्या वाजवू नका. चुकीच्या कोनात बसवलेला जड साउंडबॉक्स खाचा खरवडून काढतो.

नव्यानं नाद लागलेल्यानं कर्ण्याच्या मागं लागूच नये, पेटीचा फोनो घ्यावा. सुटकेससारखा, झाकण उघडलं की वाजणारा. एचएमव्हीचं १०१ मॉडेल १९२५ ते १९३१ चं. त्यानंतर आलेलं १०२ पुढं १९५० च्या दशकाअखेरपर्यंत बनत राहिलं. इतकी वर्षं बनल्यामुळं १०२ अजून मिळतो, त्याचे सुटे भाग मिळतात, आणि नकली करण्यात कुणाला फायदा नाही. कर्णा पेटीच्या आतच घडी घातल्यासारखा बसवलेला असतो, आवाज झाकणावर आपटून समोर येतो. चांगल्या अवस्थेतला १०२ खोली भरून टाकतो. तो घेताना कातडी कापडाच्या रंगापेक्षा तीन गोष्टींकडं बघा. हाताच्या बुडाचं ओतकाम तडकलंय का, साउंडबॉक्स मूळचा आहे का, आणि चावी पूर्ण दिल्यावर १० इंची तबकडीची एक बाजू, म्हणजे साधारण ३ मिनिटं, न मंदावता निघते का.

ओतकामाचं सांगायला हवं, कारण यात माणसं फसतात. त्या काळी अनेक भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असत. मिश्रणात शिशासारख्या धातूचा अंश राहिला असेल तर काही दशकांनी ओतकाम आतूनच सडतं, फुगतं, त्याला बारीक भेगा पडतात आणि बिस्किटासारखा तुकडा पडतो. ते गंजणं नव्हे, घासून किंवा तेल लावून थांबत नाही. डाग देऊन जोडायला जाल तर वितळेल. फुगलेला भाग जबरदस्तीनं काढला तर हमखास मोडतो. असा भाग दिसला की किंमत ठरवताना तो नाहीच असं धरावं.

साउंडबॉक्स

सगळ्या यंत्राचा आवाज या तळहातात मावणाऱ्या डबीत आहे. एचएमव्हीच्या जुन्या एक्झिबिशन आणि नंबर ४ या साउंडबॉक्समध्ये पडदा अभ्रकाचा असतो. नंबर ५ए, ५बी मध्ये ॲल्युमिनियमचा, नक्षीसारख्या वळ्या असलेला. ॲल्युमिनियमचा पडदा चेपला असेल तर घरी सरळ करायला जाऊ नका. अभ्रकाचं काम मात्र हात स्थिर असेल तर घरी होतं.

आवाज बारीक, चिरका आणि मोठ्या तानेला खरखरणारा येत असेल तर दहातल्या आठ वेळा दोष रबराचा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना रबराची एकेक गोल नळी असते. ७०-८० वर्षांत ती दगड होते. पडदा मोकळेपणानं थरथरायच्या ऐवजी घट्ट धरला जातो, कडेनं हवाही निसटते.

उघडण्याचा क्रम महत्त्वाचा. पडद्याच्या मध्यावर सुईच्या दांडीचं टोक एका बारीक स्क्रूनं धरलेलं असतं, त्यावर मेणाचा थेंब. आधी तो स्क्रू काढायचा, मागचे स्क्रू नंतर. उलटं केलं तर मागचा भाग निघताना अभ्रक मधूनच फाटतं. घड्याळजीचा स्क्रू ड्रायव्हर वापरा. गुजरीतल्या सोनारकामाच्या सामानात मिळतो. अभ्रक बाहेर काढून उजेडात धरा. थर सुटलेले असतील तर आत पांढरे, चंदेरी डाग दिसतात. कडेला थोडे असतील तर चालतात, मध्यावर असतील तर पडदा बदला.

नव्या रबरासाठी परदेशातून काही मागवायची गरज नाही. सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी चालते, मऊ असायला हवी एवढंच. डबीच्या घेराएवढा तुकडा तिरका न कापता सरळ ब्लेडनं कापा. दोन्ही टोकं एकमेकांना जेमतेम टेकली पाहिजेत. एकावर एक चढली तर पडदा तिरपा बसतो, फट राहिली तर तिथून हवा जाते. मागचे स्क्रू एकेक करून थोडे थोडे आवळायचे, चाकाचे नट आवळतात तसे.

आता खरं कसब. दांडीचं टोक पडद्याच्या भोकावर आपणहून येऊन टेकलं पाहिजे. ते पडद्याला आत ढकलत असेल किंवा पडद्यापासून केसभर लांब असेल आणि तुम्ही स्क्रूनं ओढून बसवलंत, तर पडदा कायम ताणलेला राहतो आणि आवाज पुन्हा डब्यातला येतो. दांडीच्या बिजागरीचे दोन स्प्रिंग किंवा टेकू सैल-घट्ट करून ती मध्यावर आणा, मगच स्क्रू लावा. तोही हलक्या हातानं. शेवटी मधमाशीच्या मेणाचा एक थेंब गरम सुईनं सोडा. मेणबत्तीचं मेण नको, थंडीत तडकतं आणि तिथूनच नवी खरखर सुरू होते.

मागची रबरी चकती, जिनं साउंडबॉक्स हातावर बसतो, तीही बघा. कडक होऊन वाकली असेल तर साउंडबॉक्स खाली मान घालतो आणि सुईचा कोन बिघडतो. सुई तबकडीशी साधारण ६० अंशांत उभी हवी.

मोटर

दुरुस्तीत जखमा होतात त्या इथंच. दोन नियम आहेत, त्यांना अपवाद नाही. चावी भरलेली असताना गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, काढायचा नाही. थाळी अडवणारं काही उरत नाही, स्प्रिंग एका दमात सुटते आणि गिअरचे दाते सोलून जातात. आणि मोटर पूर्ण उतरलेली असली तरी स्प्रिंगच्या डब्यात ताण शिल्लक असतो. आतली पट्टी कित्येक फूट लांब, धारेसारखी. जाड कातडी हातमोजे, डोळ्याला चष्मा, डबा बादलीत धरून पट्टी एकेक वेढा करून सोडायची. निघण्याआधी वेढ्याची दिशा मोबाइलवर टिपून ठेवा, उलटी बसवली तर सगळं पुन्हा काढावं लागतं.

लक्षणं वाचता आली की निम्मं काम होतं. चावी कितीही फिरवली तरी जोरच लागत नाही, म्हणजे स्प्रिंग तुटली किंवा आकडा सुटला. वाजता वाजता पेटीतून ‘धप्प’ असा आवाज येतो आणि सूर हेलकावतो, म्हणजे आतलं ग्रीस वाळून डिंक झालंय आणि वेढे चिकटून झटक्यानं सुटतायत. सूर सतत पाण्यासारखा हलतो, तर स्प्रिंगचा नाद सोडा, गव्हर्नर बघा.

स्प्रिंग रॉकेलमध्ये धुवा, कोरडी पुसा, ग्रॅफाइटचं ग्रीस बोटानं लावा. चमचा-दोन चमचे पुरे, डबा भरायचा नाही. जास्तीचं ग्रीस उन्हाळ्यात पाझरून थाळीच्या फेल्टपर्यंत येतं. तुटलेली असेल तर तुटलेली जागा बघा. आतल्या टोकाजवळ पाच-सहा इंचांवर तुटली असेल तर नवी घ्यायची गरज नाही. टोक लालबुंद करून सावकाश थंड होऊ द्यायचं, म्हणजे पोलाद मऊ होतं. मग जुन्या भोकाच्या मापाचं भोक पाडून कानशीनं कडा गोल करायच्या. भोकाची कड धारदार राहिली तर पट्टी तिथूनच पुन्हा तुटते. मधोमध तुटलेली मात्र जोडत बसू नये. नवी घेताना रुंदी, जाडी, लांबी आणि दोन्ही टोकांचा प्रकार, म्हणजे भोक की आकडा, असे चारही लिहून न्या. रुंदी एक मिलिमीटरनं जास्त झाली तरी डब्याचं झाकण बसत नाही.

गव्हर्नर म्हणजे तीन पट्ट्यांवर तीन वजनं आणि एक सरकती चकती. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, चकती सरकते, कातड्याच्या किंवा फेल्टच्या गादीला घासते आणि वेग आवरतो. गादी कोरडी पडली की चकती करकरते, झिजून धातू उघडा पडला तर वेग थाऱ्यावर राहत नाही. कोल्हापुरात कातड्याला तोटा नाही. चप्पल लाइनला कातडीचा छाटलेला तुकडा मिळतो. मऊ, न रंगवलेला घ्या आणि मशीनच्या तेलाचा एक थेंब मुरवा. तीन पट्ट्यांपैकी एक तुटली असेल तर तिन्ही बदला, नाहीतर जाड-पातळ होऊन दांडा थडथडतो. दांड्याची पितळी बुशिंग झिजली असतील तर शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेता येतात. मात्र कारागिराला दांडा सोबत द्या, नुसतं माप सांगू नका. ऑइल इंजिनाच्या कामात चालतो तेवढा ढिलेपणा इथं चालत नाही.

वेग तपासताना तबकडी वाजत असतानाच तपासा, कारण सुई ओढ लावते. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी खोवून ३० सेकंदांत ३९ फेरे मोजले की मिनिटाला ७८, हाच या तबकड्यांचा ठरलेला वेग. किंवा ७७ रेघांची गोल चकती छापून मधे ठेवायची. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळं ७७.९२ फेऱ्यांना रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. जुना पिवळा बल्ब किंवा नियॉनचा इंडिकेटर घ्या. पुष्कळशा एलईडी दिव्यांखाली काहीच दिसत नाही आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो. १९२५ च्या आधीच्या तबकड्यांना ७८ हा आकडा लागू असेलच असं नाही. ७० पासून ८२ पर्यंत काहीही. नाट्यपदातला आवाज चिमणीसारखा वाटला तर वेग उतरवा, हार्मोनियमवर स्वर धरून बघा.

तबकड्या

लाखेची तबकडी म्हणजे लाख आणि दगडाची पूड. पूड मुद्दाम घातलेली, पहिल्या काही फेऱ्यांत सुई घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून. म्हणूनच पोलादी सुई एका बाजूला एकदाच. दुसऱ्यांदा तीच वापरली तर घासून आलेली धार पटाशीसारखी खाच तासते. सुया वाचवणाऱ्या घरातल्या तबकड्या राखाडी पडलेल्या असतात, त्या उजेडात तिरप्या धरल्या की कळतं. एलपी या यंत्रावर कधीच लावू नका. साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर, एलपीची सुई दोनेक ग्रॅमसाठी केलेली.

तडा डोळ्यांना दिसत नसेल तर तबकडी भोकातून बोटावर टांगा आणि कडेला पेरानं हलकेच वाजवा. धड असेल तर ठणठणते, तडा असेल तर खापरासारखी वाजते.

आपल्याकडं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये कलकत्त्यात, सुरुवातीच्या गायिकांत गौहर जान होत्या. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. त्याआधी तबकड्या हॅनोवरहून छापून येत. त्यामुळं एकाच बाजूला गाणं आणि लेबलवर हॅनोवरचा उल्लेख दिसला तर ती तबकडी वाजवण्याआधी नीट गुंडाळून ठेवा. लेबलवर कुत्र्याऐवजी लिहिणारा देवदूत असेल तर तीही सुरुवातीच्या काळातली असू शकते. कोल्हापुरात खास एक सावधगिरी. अल्लादिया खाँसाहेब इथं शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यामुळं ‘खाँसाहेबांची रेकॉर्ड’ असं सांगून काहीबाही पुढं केलं जातं. त्यांच्या गाण्याची तबकडी बाजारात आलेलीच नाही. 

पाथे कंपनीच्या काही जुन्या तबकड्यांत खाच आडवी न हलता वर-खाली हलते, आणि त्यातल्या पुष्कळशा आतून बाहेर वाजतात. त्यांना पोलादी सुई लावली की आवाज तर येत नाहीच, तबकडीही जाते. एडिसनच्या पाव इंच जाड तबकड्यांचंही तेच.

नळकांड्याबद्दल एवढंच. मेणाचं असो की निळ्या सेल्युलॉइडचं, बाहेरून धरायचं नाही. आत दोन बोटं घालून पसरायची आणि उचलायचं. इंचाला १०० खाचा असतील तर २ मिनिटांचं, २०० असतील तर ४ मिनिटांचं, आणि दोन्हींचे रिप्रोड्यूसर, म्हणजे नळकांड्याचे साउंडबॉक्स, वेगळे. तपकिरी मेणावर पांढरी बुरशी दिसली तर ती पुसू नका. बुरशीनं मेण खाल्लेलं असतं, पुसून गाणं परत येत नाही.

आपल्याकडचा पावसाळा या सगळ्याचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर पेटी भिंतीला टेकवून ठेवायची नाही, चावी पूर्ण उतरवून ठेवायची, आत सिलिका जेलच्या पुड्या. जुन्या पेट्या सरसानं चिकटवलेल्या, ओल धरली की सांधे सुटतात. तबकड्या उभ्या ठेवा. बुरशी आली तर थंड पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. स्पिरिट चुकूनही नको, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पॉलिशवाल्याला विचारा. पुराच्या गाळातून निघालेल्या तबकड्या वाळू देऊ नका आणि फडक्यानं पुसूही नका. पंचगंगेचा गाळ वाळला की काचपेपर होतो. वाहत्या पाण्याखाली धरून आधी गाळ जाऊ द्या.

आणि आता कुत्रा. भिंग घ्या. अस्सल कुत्रा बहुधा चिकटचित्राचा असतो, पॉलिशच्या थराखाली, आणि लाकडाच्या रेषांबरोबर त्याच्या सोनेरी कडेलाही केसासारख्या चिरा गेलेल्या असतात. नखाला उंचवटा लागत नाही. खिळ्यांनी ठोकलेली पितळी पट्टी असेल तर तिच्या खालचं लाकूड बघा; पट्टीखाली आणि बाजूला एकच रंग असेल तर ती परवाच बसलेली. या चित्रातही गंमत आहेच. फ्रान्सिस बॅरॉडनं हे चित्र काढलं तेव्हा निपरपुढं, म्हणजे या कुत्र्यापुढं, नळकांड्याचा फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीनं चित्र विकत घेताना तो रंगवून झाकायला लावला आणि वर आपलं पितळी कर्ण्याचं यंत्र काढून घेतलं. म्हणजे मुळात कुत्र्यापुढचंच यंत्र बदललेलं.